मिटल्या डोळ्यांनी कापलेला कोट

आक्कांनी आपली पर्स कापणीच्या टेबलावर ठेवली आणि दादांनी ती उचलून खुर्चीवर ठेवली, तेव्हाच थोरलीनं, दादांच्या बायकोनं, ओळखलं की आजची बैठक सरळ जाणार नाही. त्या टेबलावर कापड, खडू, पट्टी आणि कातर याखेरीज काही ठेवायचं नाही, हा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. आक्का त्याच टेबलाखाली चिंध्यांच्या बाहुल्या करत वाढलेल्या, म्हणजे त्यांना तो ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. पण लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या माणसाला माहेरचे नियम सोयीनं आठवतात आणि सोयीनं विसरतात. थोरलीचा हा सिद्धांत जुना होता आणि आक्का दर भेटीत त्याला नवा पुरावा देत आल्या होत्या.

रविवार होता. दुकानाचं शटर अर्धं खाली, मशिनांवर कव्हरं, इस्त्री गार. वरच्या मजल्यावर राहणारं अख्खं घर जिना उतरून खाली आलं होतं, कारण या घरातली महत्त्वाची बोलणी बैठकीच्या खोलीत कधी झालीच नाहीत. लग्नं ठरली ती या टेबलापाशी, अबोले धरले गेले ते या टेबलापाशी, आणि आज दादांच्या उजव्या हाताबद्दल बोलायचं होतं तेही इथंच.

वर्षभरापूर्वी त्या हातात फक्त चहाचा कप हलायचा. आता कातर थरथरायची. चाळीस वर्षं ज्या हातानं गावातल्या निम्म्या पुरुषांचे कोट कापले, तो हात मागच्या मंगळवारी एका साध्या पँटच्या कापडावर मध्येच थांबला. दादांनी कातर खाली ठेवली आणि भर दुपारी वर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. थोरली त्यांच्या पायाशी बसून राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला दुपारी झोपलेलं तिनं पहिल्यांदा बघितलं होतं.

"कटर चार वाजता येतोय," आक्का म्हणाल्या. "मी बोललेय त्याच्याशी. तीस वर्षं एका मोठ्या दुकानात काढलीत त्यानं. हात सफाईदार आणि तोंड बंद. दादा, तू त्याला फक्त भेट. नाटकातल्या बाईंच्या कोटापासूनच सुरुवात करू दे."

"त्याच्या काही अटी?" दादांच्या धाकट्या भावानं विचारलं. धाकटा आयुष्यभर मशीनवर बसला होता आणि समोर येईल ते निमूटपणे शिवण्याची त्याला इतकी सवय झाली होती, की बोलणंही तो तसंच पुढं सरकवायचा.

"दोनच. कापणार तो एकटा, त्यात कुणी लुडबुड करायची नाही. आणि काज-बटणाला त्याची नेहमीची बाई येणार. त्याला तिच्याच हाताचं काम लागतं म्हणे."

धाकटीकडे कुणीच बघितलं नाही. सगळे तिचाच विचार करत होते हे त्यावरूनच कळत होतं.

धाकट्याची ही बायको अकरा वर्षं खिडकीपाशी बसून काज करत होती, बटणं लावत होती. पण या घरात ती बटणं लावायला आली नव्हती. सासऱ्यांनी तिला स्वतः टेबलापाशी उभं केलं होतं. "कापड हिच्या हाताचं ऐकतं," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि कौतुकाच्या बाबतीत म्हातारा इतका चिक्कू होता की पोटच्या मुलांनाही हे वाक्य कधी मिळालं नव्हतं. मग बँडमास्तरांचा कोट आला. कापड चौकड्यांचं. चौकड्या जुळवायच्या म्हणून दुहेरी घडी न घालता एकेरी पसरून कापायचं होतं. घडी घातलेल्या कापडातून उजवी-डावी जोडी आपोआप निघते. एकेरी कापताना मात्र एका बाहीनंतर मापाचा कागद उलटावा लागतो. धाकटी तो उलटायला विसरली. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या आणि कापड संपलं. बँडमास्तरांनी शेवटी बिनबाह्यांचा कोट घालून वाजवलं.

त्या दिवशी सासऱ्यांनी तिच्या हातातून कातर परत घेतली. या दुकानात मोठी कातर कुणी आपण होऊन उचलायची नसते. जो कापतो त्यानं ती दुसऱ्याच्या हातात द्यायची असते. सासरे पुढच्याच वर्षी गेले आणि तिला कातर परत द्यायची राहूनच गेली. मागं उरलं ते एक नाव. दोनडावी. आधी हसण्यावारी, मग सवयीनं, मग गिऱ्हाइकांदेखत. "बटणं दोनडावीकडे दे." धाकटी त्या नावाला ओ द्यायची. ते नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं हे सगळे विसरले होते. थोरली मात्र विसरली नव्हती.

"बाईंचा कोट मी कापते," धाकटी म्हणाली.

इतकं साधं म्हणाली, की क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही. मग धाकटा खोकला. आक्का हसल्या, आणि ते हसू वाईट नव्हतं, लहान मुलाला आवरतात तसं होतं.

"अगं, काज करणं वेगळं आणि मखमल कापणं वेगळं. ते काय मिळणारं कापड आहे? त्या बाईंनी तीस वर्षं जपून ठेवलेलं. साडेतीन मीटर, वर चिंधीसुद्धा नाही. कशाला विषाची परीक्षा घ्यायची?"

दादा हसले नाहीत. त्यांनी टेबलावर मलमलीत गुंडाळून ठेवलेल्या त्या कापडाकडे बघितलं. "हे एकेरी कापावं लागेल," ते म्हणाले.

"माहीत आहे, दादा."

"मखमलीला सुलट्या बाजूनं खडू चालत नाही. खुणा पाठीमागून. म्हणजे कागद सरळ ठेवलास तर उजवीची डावी होईल."

"माहीत आहे."

"त्यात बाईंचा डावा खांदा ऑपरेशननंतर उतरलाय. दोन्ही बाजूंचे कागद वेगळे. तुझं नेमकं जिथं चुकलं होतं, तेच सगळं यात आहे." त्यांचा आवाज कठोर नव्हता. "या वेळी चुकणार नाहीस हे तुला कशावरून वाटतं?"

"मी तो कापलाय, दादा."

"कधी?"

"रोज. पाच आठवडे. ट्रायलच्या खोलीत, दुपारी. डोळे मिटून."

आता आक्कांनी थोरलीकडे असं बघितलं, जणू विचारत होत्या, या घरात मला न कळवता काय काय चाललंय. आणि थोरलीनं नजर चुकवली, कारण तिला ते ठाऊक होतं.

पाच महिन्यांपूर्वी एका दुपारी ती ट्रायलच्या खोलीत अस्तराचा गठ्ठा शोधायला गेली होती. आत धाकटी उभी. डोळे मिटलेले, समोर काही नाही, आणि दोन्ही हात हवेत काहीतरी करतायत. डावा हात सपाट करून दाबतेय, उजवा पुढं सरकतोय, अंगठा उघडतोय, मिटतोय. मग थांबली. दोन्ही हातांनी काहीतरी अलगद उचललं, उलटलं आणि पुन्हा ठेवलं. थोरली पाय न वाजवता मागं फिरली आणि थेट वर जाऊन लेकीला म्हणाली, "तुझ्या काकूला एखाद्या डॉक्टरला दाखवायला पाहिजे."

लेक तलावावर पोहायला शिकवायची. लहानपणापासून पाण्यातच असल्यामुळं तिला घरात मासोळी म्हणत. ती खो खो हसली. "आई, ते मीच शिकवलंय तिला, दोन महिने झाले."

आता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली मासोळी तेच आत्याला समजावत होती.

"आम्ही शर्यतीआधी अख्खी शर्यत मनात पोहतो, आत्या. उडी, पहिला श्वास, भिंतीला लागून वळणं, सगळं. नुसतं जिंकल्याचं चित्र नाही बघायचं. त्यानं काही होत नाही. आपले हात काय करतायत ते बघायचं."

"पाण्यात पाय न घालता? याला मनातले मांडे म्हणतात, बाळ."

"पाण्याच्या ऐवजी नाही गं, पाण्याच्या आधी. ज्या मुली स्वतःला 'मी बुडणार' असं बघत काठावर उभ्या राहतात ना, त्यांना कितीही पोहता येत असू दे, त्यांचे खांदे दगडासारखे होतात. आधी ते चित्र बदलावं लागतं. मग अंग ऐकतं."

"आणि ही पाण्यात कधी उतरली? सांग ना. अकरा वर्षांत हिनं कापडाला कातर लावलीय?"

"लावलीय." हे धाकटा बोलला. स्वतःचाच आवाज ऐकून तो थोडा दचकला, पण थांबला नाही. "आमच्या खोलीत एक चादर धड राहिलेली नाही, आक्का. जुनी वर्तमानपत्रं, गाद्यांचे अभ्रे, माझा एक लेंगा. घरातल्या छोट्या कात्रीनं. सगळ्याच्या बाह्या. मी मोजल्यात. सुरुवातीच्या सगळ्या डाव्या-डाव्या निघायच्या. आता तीन महिने झाले, जोडीच निघतेय."

"मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

"कुणी विचारलं नाही."

थोरलीला हसू आलं. या दिरानं पंचवीस वर्षांत आक्कांसमोर एवढी लांब शिलाई मारली नव्हती.

"डाव्या-डाव्या निघायच्या," दादा पुटपुटले. त्यांचं बाकीकडे लक्ष नव्हतं. "डोळे मिटल्यावरही?"

"डोळे मिटल्यावरच जास्त." धाकटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, कडेला हात न लावता. "मासोळीनं सांगितलं, स्वतःला कापताना बघ. मी बघितलं, तर तीच बाई दिसली. मान खाली घालून दोन डाव्या बाह्या कापणारी. रोज तीच. मनातसुद्धा मला नीट कापता येईना, दादा. मला वाटलं, झालं, हीच आहे मी. मासोळी म्हणाली, रोज आरशासमोर एक चांगलं वाक्य बोल. 'मी उत्तम कटर आहे' असं म्हणायला गेले तर घशातून निघेना. खोटं वाटायचं. आरशातली बाईच हसायची मला."

"मग?"

"मग एक लहान वाक्य घेतलं. मी कागद उलटते. बास. एवढं खरं करता येण्यासारखं होतं. तेच म्हणत राहिले. भाजी चिरताना, बटण लावताना. दीडेक महिन्यानं डोळे मिटले तर त्या बाईनं पहिली बाही कापली, थांबली, आणि कागद उलटला. मी रडले त्या दिवशी. जाऊबाईंना वाटलं, कांदा चिरतेय."

थोरलीला तो दिवस आठवला. तिनं तेव्हा धाकटीला कांद्यावर पाणी मारायचा सल्ला दिला होता.

"आधी तिचा चेहरा दिसायचा नाही," धाकटी पुढं म्हणाली. "नुसते हात. मग हळूहळू मान वर आली. आता दिसते. मीच असते. आणि घाबरलेली नसते."

आक्कांनीही मध्ये तोंड घातलं नाही, आणि हे थोरलीनं मनात नोंदवून ठेवलं.

"ठीक आहे," आक्का म्हणाल्या, "तुला तुझा धीर आला, चांगलंच झालं. मला आनंदच आहे. पण त्या बाईंचा कोट का? एखादा शर्ट काप आधी. एखादा पायजमा."

"कारण त्यांनी तो मला दाखवलाय."

नाटकातल्या त्या बाई सत्तरीच्या. ऑपरेशननंतर वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. आता एकाच प्रयोगासाठी पुन्हा उभ्या राहणार होत्या आणि त्यासाठी त्यांना लांब मखमली कोट हवा होता. पाच आठवड्यांपूर्वी मापं द्यायला आल्या तेव्हा ट्रायलच्या खोलीत पाऊल टाकताच म्हणाल्या, तो आरसा आधी झाका. दादांना त्यांनी आत येऊ दिलं नाही. म्हणून धाकटीनं आरशावर चादर टाकली आणि मापं घेतली.

"टेप खांद्याला लावला की त्यांचं अंग आखडायचं," धाकटी सांगत होती. "आखडलेल्या अंगाचं माप खोटं येतं. मी म्हटलं, बाई, डोळे मिटा. कोट अंगात आहे असं समजा आणि पडद्याआडून या. कशा याल? आधी म्हणाल्या, वेड लागलंय का. मग मिटले डोळे. आणि दादा, त्या चालल्या. अडीच पावलं चालल्या असतील, खोली ती केवढी. पण उतरलेला खांदा पुढं घेऊन चालल्या. लपवला नाही. म्हणाल्या, या बाजूनं मी वळेन आणि घेर माझ्यामागून येईल. मी तेव्हा माप घेतलं. तो कोट मी चालताना बघितलाय. तुमच्या कटरला कागदावर आकडे मिळतील. कोट मला ठाऊक आहे."

दादांनी आपला उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला होता. थोरलीला कळत होतं, हे नुसत्या कोटाचं नाही. मखमल बिघडली तर चाळीस वर्षांचं नाव एका दुपारीत जाईल, आणि ज्याचा हातच चालेना त्या माणसाकडे नावाशिवाय आता होतं काय. उलट, आज चार वाजता तो कटर या टेबलापाशी उभा राहिला, की उद्यापासून धाकटीला खिडकीपाशीही जागा नाही. ती वर जाईल, भाजी चिरेल, आणि मनातली ती बाई पुन्हा मान खाली घालेल.

"वहिनी, तू सांग," आक्का म्हणाल्या. "तू शहाणी आहेस. दादा तुझं ऐकतो."

आक्कांना आपली बाजू पक्की वाटत होती, कारण आजवर या दोघींचं एका गोष्टीवर एकमत असायचं: धाकटी भाबडी आहे. थोरलीनं पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"वन्सं, ते दोनडावी नाव कुणी ठेवलं, आठवतंय?"

"कुणी ठेवलं असेल. बाबांनी?"

"मी ठेवलं. या इथं उभी राहून. मामंजी तिच्यावर एक अक्षर बोलले नव्हते, नुसती कातर घेतली होती. सगळे गप्प होते, मला ती शांतता सोसेना, म्हणून मी गंमत केली. तुम्ही सगळे हसलात. तीही हसली." ती धाकटीकडे वळली. "अकरा वर्षं मी तुला एक चित्र दाखवत आलेय, अगं, दिवसातून दहादा. आणि तुला ते पुसायला सात महिने एका कोंदट खोलीत उभं राहावं लागलं. माझी चूक झाली. मला माफ कर."

धाकटीनं मान हलवली.

"माणसाला वाईट नाव ठेवलं की ते खरं होतं, यावर आपला सगळ्यांचा विश्वास आहे," थोरली आक्कांना म्हणाली. "मग हिनं स्वतःला चांगलं बघितलं तर तेवढंच खोटं कसं? तुम्ही म्हणता शर्ट काप. शर्ट कापून हिला कळेल की शर्ट येतो. माझं मत, कोट हिनं कापावा. बिघडला तर बाईंच्या पाया पडायला मी जाईन. नाव मी ठेवलं होतं, निस्तरायलाही मीच जाईन."

दादा उठले. भिंतीतल्या खिळ्यावरची मोठी कातर काढली. पात्यांची बाजू आपल्याकडे केली आणि दांडा पुढं केला. हात इतका थरथरत होता की कातरीची पाती एकमेकांवर वाजत होती. धाकटी टेबलाला वळसा घालून आली आणि दोन्ही हातांनी तिनं ती घेतली. दादांनी लगेच सोडली नाही. "बाबा असते तर," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मलमल उघडली गेली. गर्द जांभळी मखमल टेबलभर पसरली आणि आक्कांच्या तोंडूनही आवाज निघाला. धाकटीनं कापडाची मऊ लव वर जाणारी ठेवली, म्हणजे रंग गडद दिसतो. मग पाठ वर करायच्या आधी तिनं खिडकीच्या उजेडात कापडावरून नजर फिरवली आणि थबकली.

तीस वर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड. घडीची रेघ वाफेनं निघेल असं दादांनी धरलं होतं. धाकटीनं इस्त्री तापवली, वाफ दिली, हलक्या ब्रशनं लव उठवली. रेघ गेली. पण तिच्या जागी बोटभर रुंदीचा पट्टा उजाड राहिला. तिथली लव झिजून गेलीच होती. आणि तो पट्टा समोरच्या डाव्या भागावरून, छातीच्या बाजूनं जात होता.

दादा पुढं झुकले आणि बघितल्यावर मागं टेकले. "नाही होणार," ते हळू म्हणाले. "सरकवायला जागाच नाही."

धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीनं तो उतरताना बघितला, अकरा वर्षांपूर्वीचाच तो चेहरा. मनातल्या कापडावर हा पट्टा नव्हता. पाच आठवडे जो कोट कापला तो या कापडातून निघणार नव्हता.

मग धाकटीनं कातर खाली ठेवली, टेबलाच्या कडेवर दोन्ही तळवे टेकले आणि डोळे मिटले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. तिची बोटं मधूनच हलायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. एकदा भुवया आक्रसल्या, मानेनं नकार दिला आणि हात परत जागेवर आले.

"झोपली की काय?" आक्का कुजबुजल्या.

"वन्सं, चहा घेणार?"

"नको."

"मग गप्प बसा."

मासोळीनं ओढणी तोंडात धरली. आक्का खरोखरच गप्प बसल्या, आणि पुढच्या दहा मिनिटांत त्यांची मान कधी पुढं झाली, त्या स्वतःही डोळे बारीक करून धाकटीच्या बोटांकडे कधी बघू लागल्या, हे त्यांनाही कळलं नसावं.

धाकटीनं डोळे उघडले. "दादा, डावा खांदा उतरता आहे."

"हो. मग?"

"मग डावा भाग उजव्यापेक्षा अरुंद निघतो. आपण दोन्हीकडे सारखी जागा धरतोय. डावा आत सरकवला तर पट्टा बाजूच्या शिलाईत जाईल. कोटाच्या आत."

दादांनी टेप मागितला. थरथरत्या हातानं मोजता येईना, म्हणून धाकट्यानं एक टोक धरलं आणि आकडा वाचला. दादांनी तो मनात धरून डोळे मिटले. कोट बघताना ते कधीच डोळे मिटत नसत. त्यांना गरजच पडली नव्हती. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते थोरलीनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत बघितलं होतं, त्यानंतर फारसं नाही. "बसतंय," ते म्हणाले. "अर्ध्या बोटाची जागा उरतेय. मला नसतं सुचलं. मी दोन सारखे खांदे कापत आलोय आयुष्यभर."

धाकटीनं कापड पालथं घातलं, कागद मांडले, कडेला वजनं ठेवली, खुणा केल्या. तिचे ओठ हलत होते. उजव्या बाहीपाशी ती थांबली. दोन्ही हातांनी कागद अलगद उचलला, उलटला, ठेवला. धाकट्यानं इतका मोठा श्वास सोडला की खडूची पूड उडाली. मग कातर चालली. मखमल कापताना फारसा आवाज येत नाही, नुसती जड कुजबुज येते, आणि ती कुजबुज कुठंही अडखळली नाही. थोरली बघत होती ती कापडाकडे नाही. ती बघत होती त्या बाईकडे, जिची मान वर होती, खांदे सैल होते, आणि जी अकरा वर्षं याच घरात तिच्या शेजारी बसून जेवली होती. आपण हिला कधी बघितलंच नाही, असं थोरलीला वाटलं, आणि तिला तिचा फार अभिमान वाटला.

चारला पाच कमी असताना शेवटचा तुकडा सुटा झाला. दोन्ही बाह्या शेजारी ठेवल्या होत्या. एक उजवी, एक डावी, थोड्या वेगळ्या.

शटरवर टकटक झाली. आक्कांनी बोलावलेला कटर वाकून आत आला. सडपातळ, नीटनेटका माणूस, कानावर पेन्सिल. नमस्कार वगैरे करायच्या आधीच त्याची नजर टेबलाकडे गेली, आणि मग तो दुसरीकडे बघेनाच.

"मखमल एकेरी," तो म्हणाला. "खांदा उतरता दिसतोय. आणि हा पट्टा शिलाईत ढकललाय?" तो आणखी वाकला. "चाळीस वर्षांचा हात आहे. दादा, हे कापल्यावर तुम्हाला माझी काय गरज?"

त्यानं डाव्या बाहीकडे हात नेला. आक्कांनी काहीतरी बोलण्यासाठी थोरलीकडे बघितलं, पण थोरली कुणाच्या वतीनं बोलायला तयार नव्हती.

"मी कापलंय," धाकटी म्हणाली. "आणि हात लावायचा असेल तर आधी धुऊन या. मखमल आहे."

तो हात हवेतच थांबला. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या कातरीकडे, मग स्वतःच्या बोटांकडे.

"बेसिन कुठं आहे?" त्यानं विचारलं.

थोरलीनं कपाटातून धुतलेला टॉवेल काढला आणि त्याला वाट दाखवायला पुढं झाली.